नदीपलीकडचा कॉन्ट्रॅक्टर: शेजारच्या राज्यातल्या माणसाला घराचं काम देण्याआधी

टाउनशिपच्या, म्हणजे आमच्या गावच्या पालिकेच्या, बांधकाम खात्यातल्या खिडकीपलीकडच्या बाईंनी माझा परमिटचा अर्ज उलटा करून माझ्याकडे वळवला, एका चौकोनावर पेनाचं टोक ठेवलं आणि म्हणाल्या, "नंबर खरा आहे हो, पण तो नदीच्या त्या बाजूला चालतो."

कॉन्ट्रॅक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर 'पीए'ने सुरू होत होता, म्हणजे पेनसिल्व्हेनियाचा. आमचं घर न्यू जर्सीत, मिडलसेक्स काउंटीत. कॉन्ट्रॅक्टर डेलावेअर नदीपलीकडचा. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या घरी त्याने सुरेख काम केलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. ट्रकवर ठसठशीत अक्षरांत 'लायसन्स्ड अँड इन्शुअर्ड' लिहिलेलं. बेसमेंट आणि स्वयंपाकघर मिळून इथल्या दोघांनी ४८ आणि ५० हजार डॉलर्स सांगितले होते, त्याने ३६ सांगितले. मार्चमध्ये आई-बाबा सहा महिन्यांसाठी यायचे होते, त्यांच्यासाठी खाली एक खोली आणि बाथरूम करायचं होतं. घाई होती. "परमिटचे कागद तुम्हीच देऊन या, ऑफिस तुमच्या जवळ आहे," असं तो म्हणाला, तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आदल्या आठवड्यातच मी त्याला ९,००० डॉलर्सचा चेक देऊन बसलो होतो.

त्यातले साडेसहा हजार परत आले, तेही चार महिन्यांनी आणि वकिलाच्या पत्रानंतर. पुढे काम झालं ते दुसऱ्याकडून. आणि हा दुसराही पेनसिल्व्हेनियाचाच होता. त्यामुळे 'परराज्यातला माणूस नकोच' असं मी कुणाला सांगत नाही. सीमेजवळ राहणाऱ्यांना तर तसं म्हणून चालतही नाही. ट्रेंटनचा माणूस मॉरिसव्हिलला पूल ओलांडून कामाला जातो, व्हर्जिनियाचा मेरीलँडला, कनेटिकटचा वेस्टचेस्टरला. चेक लिहिण्याआधी काय बघायचं हे मात्र मी त्या नऊ हजारांत शिकलो.

आधी हे ठरवा: नियम कुणाचे?

घर ज्या जमिनीवर उभं आहे तिथले. कॉन्ट्रॅक्टरचं ऑफिस, कंपनीची नोंदणी, ट्रकची नंबर प्लेट यांतल्या कशालाच इथे अर्थ नाही. अमेरिकेत घरदुरुस्तीच्या कॉन्ट्रॅक्टरसाठी संघराज्याचा एकच परवाना नाही. प्रत्येक राज्य आपलं आपण ठरवतं, आणि काही राज्यं ते काम शहरांवर किंवा काउंटींवर सोडून देतात.

भारतातून आलेल्या आपल्यासारख्यांना इथे पहिला धक्का बसतो. गाडी चालवायचं लायसन्स न्यू जर्सीचं असलं तरी कॅलिफोर्नियात चालतं, मग कॉन्ट्रॅक्टरचं का नाही? नाही चालत, एवढंच उत्तर. कंपन्यांच्या कायद्यात तर शेजारच्या राज्यातल्या कंपनीलाही 'फॉरेन' म्हणतात. न्यू जर्सीच्या लेखी पेनसिल्व्हेनियाची एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) फॉरेनच. एच-वन व्हिसावर दहा वर्षं काढलेल्या माणसाला हे ऐकून जरा बरं वाटतं.

दुसरी गोष्ट म्हणजे 'लायसन्स' आणि 'रजिस्ट्रेशन' हे शब्द. कॉन्ट्रॅक्टर लोक दोन्ही एकाच अर्थाने वापरतात, पण दोन्हींत खूप अंतर आहे. कॅलिफोर्नियात लायसन्ससाठी त्या कामाचा चार वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, परीक्षा द्यावी लागते आणि २५,००० डॉलर्सचा बाँड, म्हणजे भरपाईची हमी, द्यावा लागतो. पेनसिल्व्हेनियात २००८च्या कायद्यानुसार जुलै २००९पासून जे आहे ते रजिस्ट्रेशन. वर्षाला ५,००० डॉलर्स किंवा जास्त रकमेची घरदुरुस्तीची कामं करणाऱ्याने अॅटर्नी जनरलच्या कार्यालयात नाव नोंदवायचं, विम्याची माहिती द्यायची, फी भरायची. टाइल सरळ बसवता येते की नाही हे कुणी तपासत नाही. न्यू जर्सीतही वर्षानुवर्षं रजिस्ट्रेशनच होतं. जानेवारी २०२४मध्ये नव्या कायद्यावर सही झाली, त्याने परवाना देणारं मंडळ आणि बाँडची अट आणली, पण ती व्यवस्था टप्प्याटप्प्याने लागू व्हायची होती. तुमच्या कामाच्या वेळी गाडी कुठवर आली आहे हे राज्याच्या ग्राहक विभागाच्या साइटवर बघून घ्या. जुन्या लेखांवर, म्हणजे या लेखावरही, विसंबू नका.

टेक्सासात जनरल कॉन्ट्रॅक्टरला, म्हणजे सगळं काम अंगावर घेऊन करवून देणाऱ्याला, राज्याचा परवानाच लागत नाही. इलेक्ट्रिशियन, प्लंबर आणि एसीवाला यांना मात्र लागतो. तेव्हा डॅलसमध्ये कुणी 'माझ्याकडे स्टेटचं जनरल कॉन्ट्रॅक्टर लायसन्स आहे' म्हणाला, तर तो दुसऱ्या राज्यातला तरी आहे किंवा थाप तरी मारतोय.

न्यूयॉर्कमध्ये आणखी गंमत. राज्याचा परवाना नाही, पण न्यूयॉर्क शहरात २०० डॉलर्सच्या वरच्या घरदुरुस्तीला शहराच्या ग्राहक खात्याचा परवाना हवा. नॅसॉ, सफोक, वेस्टचेस्टर या काउंट्यांचे परवाने वेगळे. शहरातल्या क्वीन्समधून रस्ता ओलांडून नॅसॉत गेलात की कागद बदलला. म्हणजे 'परराज्य' हा शब्दही फसवा आहे. आपल्या पत्त्यावर नेमका कुणाचा कागद लागतो हे टाउनशिप, सिटी किंवा काउंटीच्या बांधकाम खात्याला फोन करून विचारा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि त्या खिडकीपलीकडची माणसं सहसा बरीच सांगतात. मी चेक दिल्यानंतर विचारलं, एवढंच चुकलं.

नंबर मागा आणि स्वतः शोधा

न्यू जर्सीत घरदुरुस्ती कॉन्ट्रॅक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर '१३ व्हीएच'ने सुरू होतो. पेनसिल्व्हेनियाचा 'पीए' आणि पुढे सहा आकडे. कॅलिफोर्नियात नुसते आकडे. आपल्या राज्याचा नंबर दिसतो कसा हे माहीत असलं की व्हिजिटिंग कार्ड बघूनच अर्धं कळतं.

कार्डावरचा नंबर खरा धरू नका. राज्याच्या साइटवर शोधपान असतं, तिथे स्वतः टाका. मी आता हे घरी बोलावण्याआधीच करतो, आणि नुसतं 'अॅक्टिव्ह' लिहिलेलं बघून थांबत नाही.

नाव अक्षरशः जुळतं का बघा. माझ्या दुसऱ्या कामाच्या वेळी एक तिसराच उमेदवार आला होता. त्याने दिलेला १३ व्हीएच नंबर चालू होता, पण शोधपानावर नाव आलं ते वेगळ्याच एका एलएलसीचं. विचारल्यावर म्हणाला, "ती माझ्या मेव्हण्याची कंपनी, आम्ही एकत्रच काम करतो." मेव्हणा भला माणूस असेलही. पण करार एका नावाने, रजिस्ट्रेशन दुसऱ्या, विमा तिसऱ्या आणि चेक चौथ्या नावाने, अशी खिचडी झाली की भांडणाच्या वेळी कुणाकडे बोट दाखवायचं हेच कळत नाही. रजिस्ट्रेशनवर, करारावर, विम्याच्या दाखल्यावर आणि चेकवर एकच नाव हवं. 'इन्कॉर्पोरेटेड'च्या जागी 'एलएलसी' असलं तरी थांबून विचारायचं.

मग पत्ता, मुदत कधी संपते, आणि कारवाईची नोंद आहे का. परराज्यातल्या माणसाबाबत एक जास्तीची पायरी: त्याच्या घरच्या राज्याचं शोधपानही बघा. तिथे नाव रद्द झालं म्हणून नदी ओलांडून नव्या नावाने आलेली माणसं असतात. दोन्ही राज्यांच्या न्यायालयांच्या सार्वजनिक शोधपानांवर कंपनीचं आणि मालकाचं नाव टाकून बघा. एखादा खटला असणं म्हणजे माणूस वाईट असं नाही, या धंद्यात भांडणं होतातच. पण पाचसहा गिऱ्हाइकांनी डिपॉझिटसाठीच दावे लावलेले दिसले, तर चहा पाजून निरोप द्या.

आणि कंपनी आपल्या राज्यात व्यवसायासाठी नोंदलेली आहे का तेही बघा. तशी असेल तर तिचा 'रजिस्टर्ड एजंट' असतो, म्हणजे राज्यातला एक पत्ता जिथे कोर्टाची नोटीस बजावता येते. तो नसेल तर उद्या नोटीस घेऊन परराज्यात शोधाशोध करायची वेळ येते.

'आमच्या राज्यांचा करार आहे' म्हणजे काय

'रेसिप्रॉसिटी', म्हणजे राज्यांनी एकमेकांचे परवाने मानणं, हा शब्द बऱ्याचदा कानावर पडेल. काही राज्यांचे आपसांत असे करार आहेत हे खरं. कॅलिफोर्नियाचा अॅरिझोना, नेवाडा, लुइझियाना यांच्याशी आहे. पण त्याने फक्त कामाच्या विषयाची परीक्षा माफ होऊ शकते. अर्ज करायचा, फी भरायची, बाँड द्यायचा, कायद्याची परीक्षा द्यायची, हे सगळं राहतंच, आणि कॅलिफोर्नियाचा स्वतःचा नंबर हातात येईपर्यंत तिथे काम करता येत नाही. अॅरिझोनातल्या फीनिक्सचा नंबर घेऊन कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोत भिंत पाडायला आलेला माणूस तिथे विनापरवानाच ठरतो.

कॅलिफोर्निया याबाबत फार कडक आहे. विनापरवाना माणूस तिथे कामाचे पैसे मिळवण्यासाठी कोर्टात जाऊ शकत नाही, आणि घरमालक दिलेले पैसेसुद्धा परत मागू शकतो. २०२५पासून १,००० डॉलर्सच्या आतलं, परमिट न लागणारं आणि मदतनीस न ठेवता केलेलं किरकोळ काम परवान्याशिवाय चालतं. आधी ही मर्यादा ५०० होती.

'अर्ज केलाय, नंबर येईलच' हेही ऐकाल. माझा पहिला कॉन्ट्रॅक्टर हेच म्हणाला. त्यावर उत्तर एकच: येऊ दे, मग सही करू.

प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन

बाहेरचा जनरल कॉन्ट्रॅक्टर बहुधा इथेच अडकतो. पेनसिल्व्हेनियात प्लंबरला किंवा इलेक्ट्रिशियनला राज्याचा परवाना नाही; फिलाडेल्फियासारखी शहरं आपापले देतात. न्यू जर्सीत मात्र दोघांसाठी राज्याची स्वतंत्र मंडळं आहेत, हीटिंग आणि एसीवाल्यांसाठी तिसरं. परमिटच्या अर्जात इमारत, वीज, प्लंबिंग, अग्निसुरक्षा असे वेगळे तांत्रिक फॉर्म असतात. विजेच्या आणि प्लंबिंगच्या फॉर्मवर परवानाधारकाची सही आणि दाबून उमटवलेला शिक्का लागतो. कागद तिरका धरून बोट फिरवलं की तो हाताला लागतो.

नदीपलीकडून आलेल्या माणसाला विचारा, "इथला इलेक्ट्रिशियन कोण?" नाव आणि नंबर लगेच सांगितला, तर त्याने इथे काम केलेलं आहे. 'माझा माणूस आहे ना, वीस वर्षं करतोय' म्हणाला, तर तो वीस वर्षं दुसऱ्या राज्यात करतोय.

विमा: एका चौकोनाची गोष्ट

न्यू जर्सीत कॉन्ट्रॅक्टरकडे दर घटनेमागे किमान ५ लाख डॉलर्सचा लायबिलिटी विमा (कामामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा) हवा आणि दाखल्याची प्रत कराराला जोडलेली हवी. पेनसिल्व्हेनियाच्या रजिस्ट्रेशनला इजेसाठी ५० हजार आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी ५० हजार एवढा पुरतो. म्हणजे तिथे कायद्याने पूर्ण ठीक असलेला माणूस इथे एक दशांशावर असू शकतो. 'इन्शुअर्ड' या शब्दाने काही कळत नाही, आकडा बघा.

दाखला कॉन्ट्रॅक्टरकडून घेऊ नका. त्याच्या विमा एजंटला थेट तुमच्या ईमेलवर पाठवायला सांगा आणि 'सर्टिफिकेट होल्डर' म्हणून तुमचं नाव-पत्ता घालायला सांगा. पीडीएफवरची तारीख बदलणं आजकाल शाळकरी पोरालाही जमतं.

याहून महत्त्वाचा वर्कर्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे कामगारांना इजा झाली तर भरपाई देणारा विमा. हा राज्यागणिक चालतो. त्या पॉलिसीच्या माहितीपानावर '३-ए' नावाची जागा असते, तिथे कुठल्या राज्यांत विमा लागू आहे ते लिहिलेलं असतं. तिथे फक्त 'पीए' असेल आणि माणूस तुमच्या न्यू जर्सीतल्या शिडीवरून पडला, तर विमा कंपनी काय म्हणेल याचा विचार करा. '३-सी'मध्ये इतर राज्यं येतात, पण ती सोय अधूनमधून कुठे काम निघालं तर म्हणून असते. नियमित काम असलेलं राज्य '३-ए'मध्येच हवं. ओहायो, वॉशिंग्टन, वायोमिंग आणि नॉर्थ डकोटा इथे तर हा विमा खासगी कंपनीकडून घेता येत नाही, राज्याच्या फंडातूनच घ्यावा लागतो. मी पॉलिसीचं ते एकच पान मागतो. पहिल्यांदा मागितलं तेव्हा एजंट फोनवर दोन क्षण गप्प झाला आणि म्हणाला, "तुम्ही विम्यात काम करता का?"

परमिट कुणाच्या नावाने

रजिस्ट्रेशनचं प्रकरण खिडकीवर उघडं पडल्यावर आमच्या कॉन्ट्रॅक्टरने तोडगा सुचवला: "घरमालक म्हणून तुम्हीच परमिट काढा. घर तुमचं, तुम्ही राहता, कायद्याने चालतं. काम मी करतो."

पहिला भाग खरा आहे. स्वतःच्या राहत्या एकेरी घराचं काम स्वतः करणाऱ्याला परमिट मिळतं. पण त्या फॉर्मवर सही करताना आपण लिहून देतो की काम आपण करतो आहोत किंवा त्याची जबाबदारी आपली आहे. मग इन्स्पेक्टरने नापास केलं तर आपण नापास. पाणी गळलं, वायर जळाली, तर विमा कंपनी कागदावर बघणार आपलं नाव. आणि ज्याने खरं काम केलं तो कागदोपत्री कुठेच नाही. सीमेपलीकडचा विनानोंदणी माणूस हाच तोडगा सुचवतो, कारण त्याच्या नावाने परमिट मिळूच शकत नाही.

आपल्या लोकांत याची आणखी एक आवृत्ती आहे: "परमिटच कशाला? बेसमेंट आहे, बाहेरून कुणाला दिसतंय?" महाराष्ट्र मंडळाच्या प्रत्येक पिकनिकला हे सांगणारा एक काका भेटतोच. घर विकायला काढलं की दिसतं. टॅक्सच्या नोंदीत बेसमेंट कच्चं आणि जाहिरातीत फुल बाथसकट तयार, हे खरेदीदाराचा वकील पहिल्या दिवशी पकडतो. मग तयार भिंती फोडून वायरिंग दाखवा, उशिराचं परमिट काढा, नाहीतर किंमत उतरवा.

शिवाय परमिटने खरोखर फायदा होतो, आणि आई-बाबांची खोली हे त्याचं चांगलं उदाहरण. बेसमेंटमध्ये झोपायची खोली करायची तर तिला आगीच्या वेळी बाहेर पडता येईल अशी खिडकी लागते. बहुतेक राज्यं ज्या निवासी संहितेवर चालतात तिच्यात उघडल्यावर मोकळी जागा ५.७ चौरस फूट, आणि खिडकीचा खालचा काठ खोलीच्या फरशीपासून ४४ इंचांच्या आत, असं माप आहे. बाहेरच्या जमिनीलगतच्या खिडकीला ५ चौरस फूट चालतात. आमच्या पहिल्या आराखड्यात छताजवळची जुनी फटीएवढी खिडकी तशीच ठेवलेली होती. सत्तरी ओलांडलेली दोन माणसं त्या खोलीत झोपणार होती. ही चूक नकाशे तपासणाऱ्या माणसाने पकडली. कॉन्ट्रॅक्टरने नाही आणि, खरं सांगायचं तर, मीही नाही.

बाहेरच्या माणसाच्या अंगवळणी पडलेली मापंही कधी कधी घात करतात. दक्षिणेत डेकच्या खांबांचे खड्डे उथळ चालतात, कारण जमीन खोलवर गोठत नाही. इथे साधारण तीन फूट खाली जावं लागतं, नाहीतर दोन हिवाळ्यांत डेक वर उचलला जातो. स्वयंपाकघराचंही तसंच. फोडणीचा धूर बाहेर जावा म्हणून आपण मोठा एक्झॉस्ट मागतो. ४००हून जास्त सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला ४०० घनफुटांहून जास्त हवा ओढणारा पंखा असेल, तर बऱ्याच घरांत बाहेरची हवा आत येण्याची सोय संहिता मागते. फक्त गाळणी लावून धूर घरातच फिरवणारी हुडं बसवणाऱ्याला हे ठाऊक असेलच असं नाही.

करार आणि पैसे

न्यू जर्सीत आणि पेनसिल्व्हेनियातही ५०० डॉलर्सच्या वरचं काम लेखी करारावरच हवं. करारात आपल्या राज्याचा रजिस्ट्रेशन नंबर, कंपनीचा खरा पत्ता (पोस्ट बॉक्स नाही), सुरू करायची आणि संपवायची तारीख, एकूण किंमत, आणि सामान कुठल्या ब्रँडचं, कुठल्या जातीचं. 'कॅबिनेट, चांगल्या दर्जाची' या ओळीतून भांडणाशिवाय काही निघत नाही.

परराज्यातल्या कंपनीच्या छापील करारात शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत एक ओळ असते: वाद झाल्यास अमुक काउंटीच्या कोर्टात. ती काउंटी त्याच्या घराजवळची असते. ती ओळ खोडा, 'घर जिथे आहे त्या राज्याचा कायदा आणि तिथलं कोर्ट' असं लिहा, दोघांनी बाजूला आद्याक्षरं करा. चांगला माणूस याला हरकत घेत नाही.

सही केल्यावर तीन कामकाजी दिवसांत करार रद्द करायचा हक्क न्यू जर्सीच्या कायद्यात आहे, पेनसिल्व्हेनियातही आहे, आणि घरी येऊन केलेल्या विक्रीसाठी संघराज्याचाही नियम आहे. संघराज्याच्या नियमात शनिवार कामाचा दिवस धरला जातो, रविवार आणि संघराज्याच्या सुट्ट्या नाहीत. मला हा हक्क आहे हे सातव्या दिवशी कळलं. रद्द करायचं तर पत्राने करा आणि पोचपावती ठेवा.

आगाऊ किती द्यायचं? कॅलिफोर्नियात १० टक्के किंवा १,००० डॉलर्स, यांतलं जे कमी ते. त्याहून जास्त मागणंच बेकायदा. पेनसिल्व्हेनियात मोठ्या कामाला कराराच्या एक तृतीयांशापर्यंत, आणि खास मागवलेल्या सामानाचा खर्च वेगळा. जिथे मर्यादा नाही तिथेही मी दहा टक्क्यांच्या वर जात नाही. बाकीचे हप्ते तारखांना बांधू नका, टप्प्यांना बांधा: पाडकाम आणि फ्रेमिंग झालं की इतके, भिंती बंद होण्याआधीची तपासणी पास झाली की इतके, कॅबिनेट बसली की इतके. झेल या बँकांच्या पैसे पाठवायच्या अॅपने पाठवू नका. एकदा स्वतः पाठवलेले पैसे परत आणणं जवळपास अशक्य असतं. चेक द्या, कंपनीच्या पूर्ण नावाने.

प्रत्येक हप्त्याबरोबर 'लियन वेव्हर'वर सही घ्या. लियन म्हणजे घरावर चढवलेला बोजा, आणि वेव्हर म्हणजे तो चढवायचा हक्क सोडल्याचा कागद. तुम्ही कॉन्ट्रॅक्टरला पूर्ण पैसे दिलेत आणि त्याने टाइलवाल्याला दिले नाहीत, तर टाइलवाला तुमच्या घरावर बोजा चढवू शकतो. याच्या मुदती आणि मर्यादा राज्यागणिक वेगळ्या. बाहेरचा कॉन्ट्रॅक्टर सामान कुठल्या गावाहून आणतो हे आपल्याला ठाऊकच नसतं, म्हणून त्याच्या बाबतीत हा कागद मी कधी सोडत नाही.

घर १९७८च्या आधीचं असेल तर

रंगात शिसं असण्याची शक्यता धरून संघराज्याचा २०१०पासूनचा नियम लागू होतो. एका खोलीत ६ चौरस फुटांहून जास्त किंवा बाहेर २० चौरस फुटांहून जास्त जुना रंग खरवडायचा, फोडायचा असेल, किंवा खिडक्या बदलायच्या असतील, तर प्रमाणित कंपनीच हवी. काही राज्यं हा कार्यक्रम स्वतः चालवतात आणि तिथे त्या राज्याचं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे इथेही पुन्हा नदीचा प्रश्न. एडिसन, आयझेलिनकडची कितीतरी स्प्लिट-लेव्हल घरं साठच्या दशकातली आहेत. घरात लहान मूल असेल तर हा भाग वरवर घेऊ नका.

वादळानंतर दार वाजलं तर

२०१२मध्ये सँडी आली आणि १ सप्टेंबर २०२१ला आयडाच्या पावसाने मॅनव्हिल, बाउंड ब्रूककडची बेसमेंटं भरली. अशा वेळी परराज्यांच्या नंबर प्लेटचे ट्रक गल्लीत फिरू लागतात. त्यांत खरंच मदतीला आलेले कष्टाळू लोकही असतात. पण छपराकडे बोट दाखवून आजच्या आज सही मागणारा आणि 'विम्याचं डिडक्टिबल मी भरतो', म्हणजे नुकसानीतला तुमच्या खिशातून जायचा वाटा मी सोसतो, असं म्हणणारा माणूस नको. टेक्सासात डिडक्टिबल माफ करायची अशी लालूच कायद्यानेच गुन्हा आहे. तिथे आणखी एक चांगला नियम आहे: आपत्तीनंतरच्या दुरुस्तीला येणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरचं त्या किंवा लगतच्या काउंटीत किमान वर्षभरापासून ऑफिस नसेल, तर काम सुरू होण्याआधी त्याला पैसे मागता येत नाहीत. न्यू जर्सीत राहूनही मी हा नियम स्वतःपुरता पाळतो.

बिघडलंच तर

आधी लेखी पत्र, मुदत देऊन. मग दोन्हीकडे तक्रार: आपल्या राज्याच्या ग्राहक विभागाकडे, आणि त्याच्या राज्याच्या अॅटर्नी जनरलकडे किंवा परवाना मंडळाकडे. बाहेरच्या माणसाला आपल्या राज्याच्या तक्रारीची फारशी भीती नसते. घरच्या रजिस्ट्रेशनवर डाग पडेल याची असते. माझे साडेसहा हजार बहुधा त्यामुळेच सुटले. न्यू जर्सीत जाणूनबुजून विनानोंदणी काम करणं हा चौथ्या श्रेणीचा गुन्हा आहे, आणि ग्राहक फसवणूक कायद्याखाली नुकसानीच्या तिप्पट भरपाई आणि वकिलाची फी मिळू शकते. वकिलाच्या पत्रात या दोन ओळी होत्या.

छोट्या दाव्यांच्या कोर्टात इथे ५,००० डॉलर्सपर्यंत जाता येतं, त्याच्या वरच्या स्पेशल सिव्हिल विभागात २०,०००पर्यंत. निकाल तुमच्या बाजूने लागला तरी त्याचं बँक खातं नदीपलीकडे असतं. तो निकाल तिकडच्या कोर्टात नोंदवून मग वसुलीला लागायचं. उरलेल्या अडीच हजारांसाठी मी ते केलं नाही.

मेरीलँडसारख्या काही राज्यांत फसलेल्या घरमालकांसाठी भरपाई फंड आहे. त्यातून पैसे मिळतात ते परवानाधारकाने फसवलं तरच. विनापरवाना माणसाला काम दिलं असेल तर तिथून हात हलवत परत.

शेवटचा चेक

न्यू जर्सीच्या नियमाप्रमाणे परमिट निघाल्याशिवाय काम सुरू करता येत नाही, आणि ज्या कामाला तपासणी लागते त्याची प्रमाणपत्रं घरमालकाच्या हातात दिल्याशिवाय शेवटचा हप्ता मागता येत नाही. दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरने हे मी न सांगता करारात लिहिलं होतं. बकिंगहॅमकडून रोज सकाळी साडेसातला पूल ओलांडून यायचा, करारावर दोन्ही राज्यांचे नंबर. सांगितले ४३ हजार. चेंज ऑर्डर, म्हणजे ठरलेल्या कामातले बदल, दोनच निघाल्या, दोन्ही लेखी, त्यातली एक त्या खिडकीची.

आई-बाबा आले तेव्हा मार्चऐवजी जून उजाडला होता. खोली तयार होती, पण वीज विभागाची अंतिम तपासणी व्हायची होती, म्हणून पहिले नऊ दिवस ते वर दिवाणखान्यात सोफा-बेडवर झोपले. बाबा रोज विचारायचे, "अरे, तुझ्या त्या साहेबाचा शिक्का आला का?" दहाव्या दिवशी इन्स्पेक्टर आला, खिडकी पूर्ण उघडून काठाला टेप लावली, स्मोक अलार्मचं बटण दाबलं, स्टिकर चिकटवून गेला. टाउनशिपकडून मंजुरीचं प्रमाणपत्र त्यानंतर पाच दिवसांनी मिळालं. त्याची प्रत, परमिट, लियन वेव्हर आणि विम्याचं ते '३-ए'चं पान एका फाइलमध्ये घातलं, आणि मग कॉन्ट्रॅक्टरला ४,३०० डॉलर्सचा शेवटचा चेक दिला.